सायनसच्या संसर्गावर औषध कोणते घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ३६ असून लातूरच्या आडत बाजारात आपण मुनीम म्हणून काम करता आणि सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या पोत्यांची धूळ दिवसभर नाकात जाते. गेल्या दीड वर्षात पाच वेळा ‘सायनस झाला’ आणि पाचही वेळा आपण अँटिबायोटिक घेतले. त्यांपैकी तीन वेळा डॉक्टरांना न दाखवता मेडिकलवरूनच गोळ्या आणल्या. दर वेळी आठवडाभर बरे वाटते आणि मग पुन्हा नाक चोंदते, गाल व कपाळ जड होते. रात्री झोप लागावी म्हणून नाक मोकळे करणारे थेंब आपण वर्षभरापासून रोज घालत आहात. आता कोणीतरी लेव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक अँटिबायोटिक सुचवले आहे. यापेक्षा ‘पावरफुल’ औषध आहे का, आणि ऑपरेशन टळेल का, असे आपण विचारता.

मराठवाड्यात कान-नाक-घशाचा व्यवसाय करताना हाच प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे मान्य करूनही एवढे सांगता येईल की आपल्याला अधिक तीव्र अँटिबायोटिकची गरज असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि वर्षभर चालू असलेले ते थेंब हेच आपल्या नाक चोंदण्याचे एक मोठे कारण असण्याची शक्यता बरीच आहे.

औषधे कशासाठी असतात हे कळण्यासाठी आधी रचना समजून घ्यावी लागेल. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या होत. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि पार आत कवटीच्या तळाशी अशा त्यांच्या चार जोड्या असतात. या पोकळ्यांचे अस्तर सतत पातळ स्राव तयार करते आणि त्यावरील सूक्ष्म केसांची हालचाल तो स्राव बारीक तोंडावाटे नाकात ढकलत राहते. आपल्याकडे धान्य साठवायला पूर्वी जमिनीत पेव असे, त्याचे तोंड वर आणि पोट खाली. गालातील सायनसची रचना जवळजवळ तशीच आहे. तोंड वरच्या बाजूला असल्यामुळे आतला स्राव आपोआप वाहून जात नाही, तो त्या केसांनी वर चढवून बाहेर काढावा लागतो. सर्दीने, धुळीने किंवा ॲलर्जीने अस्तर सुजले की ते बारीक तोंड बंद होते, स्राव आत साठतो, आणि पाणी शिरलेल्या पेवातले धान्य जसे कुजते तसा त्यात जंतूंना वाव मिळतो. त्यामुळे सायनसच्या उपचाराचा गाभा तोंड उघडणे आणि आतला साठा वाहता करणे हा आहे. जंतू मारणे हे त्यानंतरचे, आणि तेही थोड्याच रुग्णांना लागणारे काम आहे.

थोड्याच रुग्णांना असे म्हणतो, कारण सर्दीबरोबर येणारी सायनसची सूज बहुतेक वेळा विषाणूंमुळे असते आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीही परिणाम होत नाही. साध्या सर्दीच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम एक-दोघांत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला की संसर्ग ‘पिकला’, आता अँटिबायोटिक हवेच, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे, कारण हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूंच्या सर्दीतही तो तसाच दिसतो. जिवाणूंचा संशय आम्ही तीन प्रसंगी धरतो: दहा दिवस उलटूनही त्रास मुळीच उतरत नाही तेव्हा, पाच-सहा दिवसांत बरे वाटू लागून पुन्हा ताप, चेहऱ्याचे दुखणे आणि घट्ट स्राव उलटून येतो तेव्हा, किंवा सुरुवातीपासूनच १०२ अंशांच्या वर ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्यावर तीव्र वेदना सलग तीन-चार दिवस राहतात तेव्हा. आपल्या पाच आजारपणांपैकी किती या चौकटीत बसतात, हे आठवून पाहावे.

अँटिबायोटिकचा फायदा नेमका किती, याचे उत्तर कोक्रेन या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या, अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात मिळते. अँटिबायोटिक न घेतलेल्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ४६ टक्के एका आठवड्यात आणि ६४ टक्के दोन आठवड्यांत बरे झाले. अँटिबायोटिकमुळे लवकर बरे होणाऱ्यांची संख्या दर शंभरांत ५ ते ११ ने वाढली, तर जुलाब, मळमळ, पोटदुखी यांसारखे दुष्परिणाम होणाऱ्यांची संख्या दर शंभरांत १३ ने वाढली. म्हणूनच प्रकृती अन्यथा चांगली असलेल्या प्रौढ माणसात जिवाणूंचा संशय आला तरी आणखी काही दिवस लक्ष ठेवून थांबणे हा मान्यताप्राप्त मार्ग आहे, फक्त रुग्णाशी संपर्क राहिला पाहिजे आणि बिघडल्यास लगेच औषध सुरू करता आले पाहिजे.

अँटिबायोटिक द्यायचेच ठरले तर पहिली निवड अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन आणि क्लाव्ह्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण हीच आहे. मेडिकलवर जिला ‘सहाशे पंचवीसची गोळी’ म्हणतात ती हीच. तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लाव्ह्युलॅनिक आम्ल असते. सायनसमध्ये सापडणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंपैकी काही जण अमॉक्सिसिलिन निकामी करणारे विकर (एन्झाइम) तयार करतात, त्यांचा बंदोबस्त हा दुसरा घटक करतो. प्रौढांना बहुधा पाच ते सात दिवस पुरतात. गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतल्यास पोटाला त्रास कमी होतो. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्यांना डॉक्सिसायक्लिन देता येते, पण ते गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना देत नाहीत. इथे ‘खरी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. गोळीने जुलाब झाले म्हणजे ॲलर्जी झाली असे नव्हे. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, धाप लागणे ही ॲलर्जी, आणि तशी ती पूर्वी झाली असेल तर प्रत्येक डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावी.

तीन दिवसांच्या पाकिटात मिळणारे ॲझिथ्रोमायसिन सोपे वाटते, म्हणून ते सर्रास घेतले जाते. आपणही दोनदा घेतले आहे. सायनसच्या मुख्य जिवाणूंमध्ये त्याला दाद न देण्याचे प्रमाण इतके वाढले आहे की या आजारासाठी ते पहिली निवड म्हणून सुचवले जात नाही. ते घेतल्यावर बरे वाटले, याचे कारण बहुधा असे की विषाणूंची सर्दी तशीही त्याच सुमारास उतरणार होती, आणि श्रेय मात्र गोळीला मिळाले.

लेव्होफ्लॉक्सासिनविषयी मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे. २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने असा इशारा दिला की साध्या सायनस संसर्गात हे औषध ज्यात मोडते त्या फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधे, दुसरा पर्यायच नसेल तेव्हाच वापरावीत, कारण त्यांच्यामुळे स्नायूबंध, सांधे, नसा आणि मेंदू यांवर गंभीर आणि कधी कायमचे परिणाम होऊ शकतात. टाचेमागचा जाड स्नायूबंध तुटणे हा त्यांतला सर्वांना ठाऊक असलेला धोका आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर यामुळे एकाएकी खाली येऊ शकते. आपल्या भागासाठी याहून महत्त्वाचे म्हणजे हेच औषध क्षयरोगाच्या उपचारात राखीव शस्त्र म्हणून लागते. सर्दी-खोकल्यावर ते वापरत राहिले तर दडलेला क्षय काही काळ झाकला जातो, निदान लांबते, आणि त्या जंतूंना औषधाची सवय होते. लेव्होफ्लॉक्सासिन, तसेच सेफिक्झिम आणि सेफपोडॉक्झिम ही औषधे २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत येतात. दुकानदाराने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात आणि देताना डॉक्टर व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवायचे असते. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ते औषध स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही, एवढी खूण आपल्या घरात सर्वांना सांगून ठेवा.

आता थेंबांकडे येतो, कारण आपल्या त्रासाची किल्ली मला तिथे दिसते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात आणि नाक काही मिनिटांत मोकळे करतात. तीन दिवस, फार तर पाच, यांचा उपयोग चांगला होतो. त्यापुढे औषधाचा अंमल उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजते, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो, पुन्हा सूज येते, आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते. बाटली उशाखाली ठेवून झोपणारे, प्रवासाला निघताना पाकीट विसरले तरी बाटली न विसरणारे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना कोणीही या थेंबांची मुदत सांगितलेली नव्हती, आणि याची मला खरोखर खंत वाटते. थेंब सोडवण्याची रीत अशी: पुढे सांगितलेला स्टेरॉइडचा स्प्रे दोन्ही नाकपुड्यांत सुरू करायचा, थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे, आठ-दहा दिवसांत ती मोकळी झाली की दुसऱ्या नाकपुडीतले बंद करायचे. पहिल्या चार-पाच रात्री जड जातात. डोक्याखाली उशी उंच घ्यावी आणि झोपण्यापूर्वी नाक धुवावे.

नाक धुणे हे मी औषधांत पहिल्या क्रमांकावर धरतो. जलनेती आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. आजही नाकाच्या ऑपरेशननंतर आम्ही प्रत्येक रुग्णाला मिठाच्या पाण्याने नाक धुवायला लावतो. पाव लिटरच्या आसपास कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा साधे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. मीठ आयोडीनविरहित मिळाले तर उत्तम, म्हणजे चुरचुर होत नाही. मेडिकलवर तयार पुड्या आणि पिचकारीची बाटलीही मिळते. बेसिनवर पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत, एका नाकपुडीतून पाणी सोडावे, ते दुसरीतून बाहेर येते. दिवसातून दोनदा, आणि आपल्याबाबत विशेषतः संध्याकाळी दुकानातून घरी आल्यावर लगेच, कारण दिवसभराची सोयाबीनची धूळ आणि फोलकटाचे कण रात्रभर अस्तराला चिकटून राहणे हेच टाळायचे आहे.

मात्र पाणी कोणते, यात तडजोड चालणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे नळ, बोअर, टँकर आणि जारचे पाणी आलटून पालटून वापरात असते, हे मला माहीत आहे. पिण्याला चालणारे पाणी नाक धुवायला चालते असे नाही. गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तो आजार बहुधा जीवघेणा ठरतो. केरळात अलीकडे असे रुग्ण आढळले आहेत. हे अतिशय दुर्मिळ असले तरी टाळण्याचा उपाय अगदी सोपा आहे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे, झाकून कोमट होऊ द्यावे, आणि बाटलीही त्याच पाण्याने विसळून कोरडी ठेवावी. घरच्या फिल्टरचे किंवा जारचे पाणी न उकळता वापरू नये.

दुसरे औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे: मोमेटासोन, फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड. स्टेरॉइड हा शब्द ऐकताच रुग्ण बिचकतात. पोटातून घेण्याच्या गोळ्या आणि हा स्प्रे यांत फार फरक आहे. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन तर रक्तात अत्यल्प प्रमाणात उतरतात, म्हणून ते महिनोन्महिने वापरता येतात. काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तेवढे कळवावे. स्प्रे ‘लागू पडला नाही’ असे सांगणाऱ्यांना मी माझ्यासमोर तो मारायला सांगतो, आणि दहांतले बहुतेक जण मान मागे टाकून, नळी सरळ नाकाच्या मधल्या पडद्यावर धरून मारतात. मग औषध घशात जाते, कडू लागते, पडद्याला खरचटून रक्त येते. मान किंचित खाली झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने वळते. मारल्यावर जोरात हुंगू नये. नाक धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे घ्यावा. परिणाम दिसायला एक-दोन आठवडे आणि पूर्ण दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो. चौथ्या दिवशी फरक नाही म्हणून बाटली फेकून देणे ही दुसरी मोठी चूक.

बाकी गोळ्यांबद्दल थोडक्यात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे, पण सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही ते असतेच, त्यामुळे दोन्ही एकदम घेऊन मात्रा दुप्पट होणार नाही याकडे लक्ष ठेवावे. त्याच गोळ्यांतील फिनाइलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२३ साली काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश निघाला. क्लोरफेनिरामिनने गुंगी येते, मोटारसायकल चालवायची असेल तर ते टाळावे. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांचा उपयोग शिंका, खाज आणि पाण्यासारखी सर्दी असेल, म्हणजे ॲलर्जी असेल तेव्हा होतो. पावसाळ्यानंतर बांधाबांधावर फुलणारे गाजर गवत आणि सोयाबीनच्या मळणीची धूळ यांनी ज्यांचे नाक ऑक्टोबरात बिघडते, त्यांना त्या काळात ती जरूर घ्यावीत. घट्ट स्राव अडकलेल्या माणसाला त्यांचा उपयोग नाही. लेव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी आपल्याकडे प्रत्येक सर्दीवर लिहिली जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्ने, चिडचिड आणि नैराश्य येऊ शकते, म्हणून केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते इतर उपाय चालले नाहीत तरच वापरावे. वाफाऱ्याने तात्पुरते बरे वाटते, तो घ्यायला हरकत नाही. लहान मुलाला मात्र उकळत्या पाण्याच्या पातेल्यासमोर बसवू नका, भाजलेली मुले आम्ही पाहतो. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची पद्धतही बंद व्हायला हवी, कारण ते तेल फुप्फुसात उतरते.

स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा ‘सर्दीची सुई’ याबद्दल मात्र सावध करतो. नाकात मस्से म्हणजे पॉलिप असतील तर थोड्या दिवसांसाठी, साखर तपासून, त्या गोळ्या आम्हीही देतो. पण न तपासता घेतलेली अशी गोळी मधुमेही माणसात काय करू शकते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात आपण सर्वांनी पाहिले. करोनातून उठलेले, साखर वाढलेले, स्टेरॉइड घेतलेले रुग्ण गालाला बधिरता आणि डोळ्याला सूज घेऊन येत होते. म्युकरमायकोसिस म्हणजे ‘काळ्या बुरशी’चा संसर्ग नाकातून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूकडे सरकत होता, ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यात फिरत होते, आणि काहींचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. त्या दिवसांनंतर मी साखरेचा आकडा पाहिल्याशिवाय एकाही सायनसच्या रुग्णाला स्टेरॉइडची गोळी लिहिलेली नाही. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नजर कमी होणे, कपाळावर मऊ फुगवटा, मान आखडणे, गुंगी, गालाची बधिरता किंवा नाकातून काळपट खपल्या, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर स्प्रे आणि गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे.

आपला त्रास बारा आठवड्यांहून अधिक काळ सलग असेल तर त्याला जुनाट सायनसची सूज म्हणतात आणि तिथे वारंवार अँटिबायोटिक देण्यात अर्थ उरत नाही. धुणे आणि स्प्रे किमान दोन महिने नीट केल्यानंतर दुर्बिणीने नाक तपासणे आणि गरज भासल्यास सीटी स्कॅन करणे हा पुढचा टप्पा. साध्या एक्स-रेवर खर्च करू नये. ऑपरेशन लागेल की नाही हे त्यानंतर ठरते, आणि लागले तरी ते बंद तोंडे रुंद करण्यासाठीच असते; धुणे आणि स्प्रे त्यानंतरही चालूच राहतात.

दोन गोष्टी तपासणीत विसरल्या जातात, त्या आपण स्वतः आठवून सांगाव्यात. त्रास एकाच बाजूला असून स्रावाला दुर्गंध येत असेल तर वरच्या दाढेचे मूळ पाहावे लागते. त्या दाढांची मुळे गालातील सायनसला अगदी लागून असतात, आणि दात दुरुस्त झाल्याशिवाय अशा रुग्णाला कोणतेही औषध लागू पडत नाही. दुसरे असे की ताप नाही, स्राव नाही, पण डोके ठणकते, उजेड सहन होत नाही, मळमळते, असे असेल तर तो सायनस नसून अर्धशिशी असण्याची दाट शक्यता असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे मानणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांना तपासले, तेव्हा ८८ टक्के लोकांचा त्रास अर्धशिशीच्या निकषांत बसला.

तेव्हा लेव्होफ्लॉक्सासिन सुरू करू नका. आजपासून नाक धुणे सुरू करा, स्प्रे तज्ज्ञांना दाखवून लिहून घ्या आणि मारण्याची पद्धत त्यांच्यासमोर करून पाहा, थेंब वर सांगितल्याप्रमाणे एकेका नाकपुडीत घालणे बंद करा, आणि पोती उलगडताना नाकावर नीट बसणारा मास्क लावा. दाखवायला जाताना उपाशीपोटीच्या साखरेचा आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल, तसेच दीड वर्षात घेतलेल्या गोळ्यांची मिळतील तितकी रिकामी पाकिटे बरोबर न्या. ‘लाल-पांढरी कॅप्सूल होती’ एवढ्यावरून आम्हाला काही ओळखता येत नाही.